दहा मिनिटांची सुट्टी

मी नेरूळच्या कमळाकरचा टेपरेकॉर्डर. आजवर दुसऱ्यांचंच ऐकवत आलो. आज स्वतःचं सांगतो.

जन्म जपानचा, पण विकला गेलो दुबईत. सादिकच्या थोरल्या भावानं मला १९९३ साली इथं आणलं आणि सादिकनं थेट कमळाकरच्या हाती दिलं. "चाली तू बांधतोस, विसरतोस पण तूच. ठेव."

कमळाकर नोकरी सांभाळून नाटकमंडळींच्या गाण्यांना चाली द्यायचा. सादिक त्याचा ढोलकीवाला. बैठक रविवारी सकाळी. सलग बसलं की कान शिळे होतात, असं कमळाकरचं म्हणणं. म्हणून पाऊण तास काम आणि दहा मिनिटं सुट्टी. सुट्टीत खाली जाऊन चहा प्यायचा, गाण्याचा विषय बंद.

पुढे सादिक मागे रेंगाळू लागला. "तू हो पुढे, आलोच." दार लोटलं की तो मला रिवाइंड करायचा आणि माझ्या जाळीला गाल चिकटवून नवी चाल पुन्हा पुन्हा ऐकायचा. आवाज बाहेर जाऊ नये म्हणूनच ना? मला तरी तसंच वाटलं.

कमळाकरलाही कुणकुण लागली. उठताना टेप कुठवर आली ते दाखवणाऱ्या माझ्या काउंटरवर एकशेबारा असायचे, परतल्यावर अठ्ठ्याण्णव. तो आकडा तळहातावर लिहून जाऊ लागला. त्यातच बेलापूरच्या एका लग्नात बँडवाल्यांनी वाजवलेली चाल त्याला आपलीच वाटली. झालं! तेव्हापासून तो माझ्यापुढे नुसता मुखडा गायचा, अंतरा पोटातच ठेवायचा. सादिकशी हसून बोलायचा, पण नजर त्याच्या खिशावर. कॅसेट तर नाही ना त्यात?

शेवटी त्यानं धर्मराज नावाच्या दुसऱ्या ढोलकीवाल्याला निरोप धाडला. "रविवारी अकराला या."

त्या रविवारी सुट्टी झाली. कमळाकर दोन जिने उतरला आणि पाय न वाजवता परत आला. सादिकचा गाल माझ्यावर, बोटं टेबलावर ठेका धरत होती.

"सादिक!"

तो हलला नाही.

"अरे सादिक!"

तरीही नाही. कमळाकरनं खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो दचकून उठला.

"कधीपासून?" कमळाकरनं त्याच्या समोर येऊन विचारलं.

"गणपतीपासून. डावा कान गेलाच. उजवा पण चाललाय. तू गातोस तेव्हा सम हातात येत नाही, मग इथं कान लावून पाठ करतो." सादिक खाली बघत होता. "बोललो असतो तर तू दुसरा बघितला असतास ना?"

तेवढ्यात बेल वाजली. दारात धर्मराज, खांद्याला ढोलकी. कमळाकरनं हात जोडले. "माफ करा, तुम्हाला उगाच हेलपाटा पडला. ढोलकीवाला आहे आमच्याकडे."

कमळाकर आत आला तेव्हा सादिकनं विचारलं, "कुठं गेलतास?"

"कुठं नाही. लाव परत. मग अंतराही भरतो यात, तोसुद्धा ऐक."

बेलापूरची ती चाल आमची नव्हतीच, हे पुढे कळलं. सुट्टी वीस मिनिटांची झाली. दोघं माझ्याजवळ बसूनच चहा पिऊ लागले. तीन वर्षं असं चाललं, मग उजवा कानही जवळजवळ बंद झाला.

आता माझं रबर सैल झालंय, गाणं रडकं निघतं. पण त्या गालाला मी चोराचा गाल समजलो, हे मनातून जात नाही. माफी मागायला माझ्याकडे स्वतःचा आवाज नाही. तुम्ही सादिकला भेटलात, तर जरा जवळ जाऊन, मोठ्यानं, सांगाल त्याला?