चाळीस खोकी

भरलेल्या खोक्याची चिकटपट्टी मोनानं फाडली आणि वरचं डाळिंब उजेडात धरलं. देठापाशी काळा डाग. खालच्यालाही तसाच. दिल्लीची गाडी शेडच्या दारात उभी होती आणि अशी चाळीस खोकी तिच्यात चढली होती.

"चष्मा घरी राह्यला, ताई," त्या खोक्यांतली फळं निवडणारी कुशाबाई म्हणाली. "सकाळीच सांगितलं असतं तर आजचा रोज बुडला असता. पण मगापासनं जीव थाऱ्यावर न्हाय, म्हनून आले."

शेळगावच्या त्या पॅकिंग शेडचा मालक ऋषिराज शेजारीच उभा होता. जुने सुपरवायझर सावळाराम तात्या गुडघ्यांनी बेजार होऊन गाडीपाशी खोकी मोजायला बसले, तेव्हा त्यानं 'महिनाभर बघू' या बोलीवर मोनाला त्यांच्या जागी नेमलं होतं. आज महिना भरत होता. तात्यांचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. हिचा पलीकडच्या टेबलापर्यंतही जात नाही, हे ऋषिराजचं रोजचं दुखणं.

"सगळ्यांदेखत झाडा हिला आणि घरी बसवा," तो म्हणाला. "बायकांना धाक पायजे. तुमच्यानं होत नसंल तर उद्यापासनं परत तात्या बघतील."

मोनाला ही जागा हवी होती. अगदी मनापासून हवी होती. सात वर्षं तिनं याच टेबलांवर फळं निवडली होती आणि खाली मान घालून तात्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. आता तेच तिनं दुसरीला करायचं, या विचारानंच तिचं डोकं फिरलं.

"न्हाय बसवणार," ती म्हणाली. "हिनं तोंड उघडलं म्हणून माल हितं सापडला, न्हायतर दिल्लीत सापडला असता. जागा ज्याला द्यायची त्याला द्या, दादा. पण खोकी उतरवल्याबिगर गाडी हलणार न्हाय."

मग ती टेबलांकडं वळली. "आणखी कुणाकडनं काय झालं असंल तर आत्ताच सांगा. घरी कुणी जाणार न्हाय."

बायका खाली मान घालून फळं निवडत राहिल्या. ऋषिराज हसला. तेवढ्यात गाडीपाशी तात्या गुडघ्यांवर हात टेकून उठले.

"गेल्या साली गाडी परत आली ना," ते म्हणाले, "तवा सडका माल मीच न बघता पाठवला व्हता. आन त्यापायी घरी बसवलं टेबलावरच्या बनाबाईला."

ऋषिराजचं हसू मावळलं.

"तिला सांगितलंत हे?" मोनानं विचारलं.

"न्हाय."

"मग आधी तिच्याकडं जा, तात्या. खोकी आमी उतरवतो."

तात्यांनी मालकाकडं पाहिलंही नाही. चपला पायात सरकवल्या आणि ते बनाबाईच्या वस्तीकडं निघाले.