अर्धी खुडलेली भांग

मी भांग बोलतेय. नाव ऐकून लगेच भुवया उंचावू नका. पहाडात, सरयूच्या वरच्या अंगाला, आमच्या चौडखेत गावात, मी म्हणजे चटणीतलं बी आणि गोणीचं सूत. नशेचं ज्यांचं त्यांनी पाहावं.

मी जन्मले ती गोठ्यामागच्या चिंचोळ्या शेतात, आणि तीही मोठ्या काळजीत. आदल्या वर्षी गारांनी अख्ख्या गावाची भांग बियांसकट झोडपली होती. जुनं बी उरलं होतं फक्त गोपुलीकडे, मूठभर. साठीची ही एकटी बाई. परवान्याचा कागद काढून आणला आणि होती ती मूठ पेरली. पाखरांच्या तोंडून वाचून आम्ही उगवलो एकोणीस जणं.

"गावाचं बी तुमच्या हातात आहे गं पोरींनो," शेणखत घालताना ती म्हणायची.

भाद्रपदात नर झाडं सुतासाठी कापली गेली. बी धरायला आम्ही आठ जणी उरलो. नेमका तेव्हाच तिचा दीर हयातसिंह सफरचंदाच्या बागेतली नोकरी संपवून गावी आला आणि वहिनीला म्हणाला,

"बौजी, हे काय जंगल वाढवलंयस? सगळा जोर पानंच खातात. खुडून टाक, मग बघ बी कसं धरतं!"

"पान म्हणजे झाडाची चूल, लला. चूल मोडून कुणी जेवायला वाढतं का?"

"तू मला शिकवणार? तीस वर्षं सफरचंदं छाटलीत मी."

गोपुली झऱ्यावर पाण्याला गेली आणि या पठ्ठ्याने बाह्या सरसावल्या. तीन बहिणींच्या पार काठ्या केल्या. चौथी मी. खालून सुरुवात करून तो माझ्या कमरेपर्यंत आला, तेवढ्यात मागे घागर आदळली.

"हात काढ! नाहीतर तुझ्या मिशा अशाच खुडीन!"

मी अर्धी नागडी, अर्धी हिरवी उभी. लाजेने मेल्यासारखं झालं.

मग बारा दिवस धुकं आणि झड. खुडलेल्या तिघी नवी पानं फोडण्यातच दमल्या, त्यांचं बी पोकळच राहिलं. पलीकडच्या चौघींना हातही लागला नव्हता, पण पानांच्या दाटीत वारा शिरेना. त्यांच्या तुऱ्यांवर करडी बुरशी चढली. दोघींना उपटून टाकताना गोपुली रडली.

मला मात्र काही झालं नाही. खालून वारा खेळत होता, वरची पानं ऊन सापडेल तेवढं पीत होती.

हे सगळ्यांत आधी दिसलं हयातला. मान खाली घालून तो म्हणाला, "बौजी, हिच्या बुडाशी बघ. कोरडं आहे."

गोपुली वाकली. मग उरलेल्या दोघींजवळ बसली. "पिवळं पडलेलं, सावलीत बसून खाणारं, तेवढंच काढ. कमावत्या पानाला हात लावशील तर याद राख."

"नाही लावत, बौजी!" त्याने कान पकडले. त्या दोघीही वाचल्या.

कार्तिकात चटईवर आम्हाला झोडपलं. माझं एकटीचं बी मापटं भरून वर शीग! टपोरं, करडं, चकाकतं. अंगणात जमलेल्या बायकांसमोर हयात म्हणाला, "माझ्या हातची तीन झाडं पोकळ गेली. चुकलो मी."

"मीही चुकले," गोपुली म्हणाली, "पण तू आधी कबूल झालास, म्हणून चटणी आधी तुला." अंगण खदखदून हसलं. मग तिने गावातल्या तेरा घरांच्या तेरा ओट्यांत बी घातलं, आपल्या हाताने.

आता माझं खोड ओढ्यात भिजत पडलंय. साल सुटेल, सूत निघेल. तक्रार नाही. एवढंच मागते: झाडाच्या पानाला हात घालण्याआधी जरा खाली वाका, ते कमावतंय की नुसतंच बसलंय ते बघा. सगळं ओरबाडू नका, सगळं माजूही देऊ नका.

आणि ज्येष्ठात इकडे आलात, तर तेरा घरांच्या मागे डोकावा. मी एकटी नसेन.