निवृत्तीचा उजवा पाय

निवृत्ती गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्याच्या बायकोनं, पंचशीलानं सगळ्या वस्तीसमोर व्यंकटीपुढं हात जोडले. "भाऊजी, ह्यांच्या पायाची चूक झाली. ब्रेक समजून दुसरंच दाबलं. माफ करा."

व्यंकटीची आई नागुबाई टँकरच्या रांगेत उभी असताना निवृत्तीच्या गाडीखाली गेली होती. पुढं गाडी टँकरवर आदळली आणि निवृत्तीही गेला. व्यंकटीनं नुसती मान हलवली. पण अपघातापासून लोक पंचशीलाच्या सासूची, धुरपताबाईची घागर रांगेबाहेर सारत होते, ते त्या दिवसापासून बंद झालं. जळकोटात त्या उन्हाळ्यात सगळ्या वस्तीची तहान एका टँकरवर होती. माफी मागितल्याशिवाय इलाजच नव्हता.

आणि खरं सांगायचं तर चूक निवृत्तीचीच, असं पंचशीलालाही वाटत होतं. वाटेल नाही तर काय? उदगीर नवा जिल्हा व्हावा म्हणून गावचे पुढारी हणमंतराव रोज कुठल्या ना कुठल्या सभेला पळायचे. त्यासाठी त्यांनी बिनक्लचची, सगळं कॉम्प्युटरवर चालणारी कोरी गाडी घेतली होती आणि निवृत्तीला ड्रायव्हर ठेवलं होतं. अपघातानंतर कंपनीचा साहेब आला, गाडीला लॅपटॉप जोडून बसला आणि म्हणाला, गाडी ठणठणीत आहे, ड्रायव्हरनं घाबरून ॲक्सिलरेटर दाबला. एवढा मोठा साहेब सांगतो म्हटल्यावर मेलेल्या ड्रायव्हरची बाजू घेणार कोण?

अपघाताच्या आधी एकदा जेवताना निवृत्ती म्हणाला होता, "गाडी लई उसळून राहिली. पाय ठेवला न्हाई तरी मनानंच पळती." पंचशीला हसली होती. "तुमाला डुलकी लागत आसंल," म्हणत तिनं ताटात भाकरी वाढली होती. हणमंतरावांनी गाडी शोरूमला दाखवली, तर शोरूमवाल्यांनी ती भरपूर पाण्यानं चकचकीत धुऊन परत दिली. एवढीच काय ती दुरुस्ती झाली.

पुण्यानुमोदनानंतर थोड्या दिवसांनी पंचशीला पोलीस ठाण्यात गेली. चेपलेली गाडी तिथल्या आवारात उन्हात उभी होती. तिला निवृत्तीच्या चपला हव्या होत्या. गाडीत समोर बुद्धाची छोटी मूर्ती होती, म्हणून तो चपला सीटखाली काढून अनवाणी गाडी चालवायचा. लोक त्याची चेष्टा करायचे, पण त्यानं नेम मोडला नाही.

हवालदारानं दार ओढून उघडलं. पंचशीलानं वाकून सीटखाली हात घातला. चपला हाताला लागल्या, पण तिची नजर पुढं खिळली. तिथं पायानं दाबायच्या दोनच पायट्या होत्या. एक उभी, गुळगुळीत. दुसरी रुंद, रबराची, आणि तिच्यावर चार जाड आडव्या पट्ट्या.

"दादा, ही रुंद कशाची हाय?"

"तो ब्रेक."

त्या पट्ट्या तिनं आधी पाहिल्या होत्या. निवृत्तीचं प्रेत दवाखान्यातून आणलं, तेव्हा घरात आंघोळीपुरतं पाणी नव्हतं. शेजारून मिळालेल्या तांब्याभर पाण्यात फडकं भिजवून तिनं त्याचं तोंड आणि पाय तेवढे पुसले. उजव्या तळपायावर चार आडवे काळेनिळे वळ होते. मळ असेल म्हणून तिनं ते घासले. निघेनात, तेव्हा वरून कापड ओढून घेतलं. आता त्या पायाची राख झाली होती.

म्हणजे तो शेवटपर्यंत ब्रेकच दाबत होता. जीव खाऊन दाबत होता. पंचशीला गाडीच्या दाराशी बसून हमसून हमसून रडली.

तिनं वळांचं सांगितलं, तेव्हा हवालदार खाली बघत म्हणाला, "आता काय उपयोग, बाई? तुम्हीच चारचौघांत चूक कबूल केलीत. आमच्या साहेबांनी तेच धरलं आणि प्रकरण मिटवलं."

घरी येऊन तिनं चपला धुरपताबाईपुढं ठेवल्या आणि सगळं सांगितलं. अपघातापासून म्हातारीनं पोराचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. तिनं चपला मांडीवर घेतल्या. पदरानं त्यांची धूळ पुसत बसली.

"माझा निवृत्ती चुकला न्हवता तर," ती म्हणाली. "मग तू त्याच्या नावानं माफी कशाला मागितलीस, माय?"

पंचशीलानं कोपऱ्यातल्या घागरीकडं पाहिलं. ती काठोकाठ भरलेली होती.