निळ्या दोऱ्याचा रुमाल

१९६७ सालची गोष्ट. आमच्या गल्लीत तेव्हा सगळेच खोकत होते, पण सगळ्यात जास्त माझी धाकटी नणंद. तिला घरात भिंगरी म्हणत, आणि ती भिंगरी आता एक जिना चढली की भिंतीला टेकायची. डॉक्टर म्हणाले, इथली हवा हिला मानवत नाही, महिनाअखेर परगावी मावशीकडे पाठवा. मावशी अशी, की तिच्या घरात हसायलाही परवानगी लागे.

"तिथे मी खोकल्याने नाही, कंटाळ्याने मरेन," भिंगरी म्हणाली. "वहिनी, कर ना काहीतरी!"

आमची लाँड्री होती. खाली कपडे उकळायची भट्टी, वर घर. सासूबाईंच्या मते गल्लीतला सगळा धूर दोन घरं पलीकडच्या बेकरीचा. "त्या मेल्याचं धुराडं बघ!" यानेच त्यांचा दिवस उजाडायचा.

"मग दाखवूनच देऊ या," मी म्हटलं. प्रत्येक गच्चीवर खळ घातलेला एकेक पांढरा रुमाल टांगायचा. दवाने ओलावलेल्या खळीवर काजळी कशी घट्ट बसते, हे लाँड्रीवाल्यांना कुणी सांगायला नको. खूण म्हणून कोपऱ्यात रंगीत दोरा, गिऱ्हाइकांच्या कपड्यांना घालतो तसाच. बेकरीला लाल, आम्हाला निळा. सासूबाई इतक्या खूश, की खळ त्यांनी स्वतः घातली.

आठवड्याने रुमाल लाँड्रीसमोर दोरीवर आले. अख्खी गल्ली जमली. सासूबाईंनी सगळ्यात काळा रुमाल खेचला आणि बेकरीवाल्याच्या नाकासमोर फडकवला. "बघ, बघ तुझं कर्तृत्व!"

त्याने कोपरा उलटला. "काकू, माझा दोरा लाल ना?"

कोपऱ्यात निळा दोरा होता.

"तुझाच धूर आमच्याकडे येतो!"

"मग मधल्या शिंप्याचा रुमाल एवढा गोरा कसा राहिला?"

गल्ली खो-खो हसली. भिंगरीही हसली, आणि हसता हसता तिला अशी ढास लागली की ती भिंतीला टेकली. सासूबाईंचा चेहरा उतरला. "दे इकडे, धुऊन टाकते," त्या पुटपुटल्या.

"रुमाल कसला धुताय? आधी भट्टी दाखवा," बेकरीवाला म्हणाला.

भट्टीजवळ मामंजी, म्हणजे माझे सासरे, ओली लाकडं कोंबून हवेचं दार बंद करत होते. असं केलं की लाकूड जास्त दिवस पुरतं म्हणे!

"मामा, कपडे उकळताय की डास मारताय?" बेकरीवाला म्हणाला. "लाकूड वाळवा, थोडं थोडं घाला, खालून वारा खेळू द्या." लाकडं वाळवायला त्याने आपल्या भट्टीची ऊबदार भिंतही दिली.

सासूबाईंनी हे सगळं दोन दिवसांत पाठ केलं आणि कापड उकळून रंगवणाऱ्या रंगाऱ्याला, खानावळवाल्याला दारोदार जाऊन शिकवलं. अगदी आपणच शोध लावल्याच्या थाटात. जाता जाता बेकरीवाल्याला त्याचं धुराडंही झाडायला लावलं. "काळेपणात दुसरा नंबर तुझ्याच रुमालाचा होता, विसरू नकोस!"

महिनाअखेर ट्रंक भरलेली होती. डॉक्टर छाती तपासून म्हणाले, "खोकला बराच उतरलाय. सध्या राहू द्या इथेच." भिंगरीने त्यांच्यासमोरच ट्रंक उलटी केली.

मामंजी पुढे बरीच वर्षं वाळकी लाकडं मोजून घालत, आणि कुरकुरत. बेकरीवाला म्हातारपणी मुलाकडे गेला; जाताना सासूबाईंच्या पाया पडला आणि "धुराडं बघा" म्हणून पळाला. मावशीकडे कुणीच गेलं नाही. भिंगरी आता नातवंडांच्या आधी तिसऱ्या मजल्यावर पोचते. सासूबाई गेल्यावर त्यांच्या कपाटात तो रुमाल सापडला. निळा दोरा तसाच. बाकी पांढराशुभ्र, खळ घालून कडक इस्त्री केलेला.