आईला आणायची गाडी

आईचा फोन आला तेव्हा ताईच्या हातांना मध लागला होता, म्हणून तिने फोन करंगळीने उचलला.

"पडले गं. वरच्या पेट्यांपाशी," आई धापा टाकत म्हणाली. "पाय हलत नाही. फार गार वारा सुटलाय..." पुढे आवाजच आला नाही. ताईने पुन्हा पुन्हा लावून पाहिला. फोन बंद.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. मधमाश्यांच्या पेट्या डोंगराच्या पार माथ्यावर. बचाव पथकाला कळवलं, तर ते उजाडल्यावर येतो म्हणाले. त्या वाऱ्यात म्हातारी रात्र काढणार नाही, हे सांगायला ज्योतिषी नको होता. आईला पाठुंगळी घेऊन ती निसरडी वाट उतरणं माणसाचं काम नव्हे. तिथे चढणारी एकच वस्तू घरात होती, वडिलांच्या मागे उरलेली जुनी एटीव्ही, चार जाड चाकांची.

तीच गाडी भांडणाचं मूळ होती. वडील गेल्यापासून ताई आणि धाकटा भाऊ यांच्यात विळ्याभोपळ्याचं सख्य. घर एक, चुली दोन आणि गाडी एक. तिला मध उतरवायला हवी, त्याला लाकडं ओढायला. कालच ताईने सीटखालचा फ्यूज काढून खिशात टाकला होता. बघूच आता कसा नेतो ते!

तिची हाक ऐकून धाकटा शेडमध्ये धावत आला. सगळं ऐकून त्याचा चेहरा पांढरा पडला.

"दोर आण, ब्लँकेट आण," ताईने त्याला पिटाळलं आणि त्याची पाठ वळताच फ्यूज जागेवर बसवला. सांगायचं कशाला? काम झालं म्हणजे झालं. तिने बटण दाबलं. इंजिन घुर्रघुर्र फिरलं, पण पेटलं नाही.

"चोक ओढ," धाकटा परत येऊन म्हणाला. तिने ओढला. पुन्हा घुर्रघुर्र. पेट्रोल होतं, कॉक उघडा होता, एअर फिल्टर साफ होता. प्लग काढून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि बटण दाबलं, तर ठिणगीच नाही.

"तुझ्या घरातला पॉलिश पेपर आण, प्लग घासू," तो म्हणाला. ती घरात जाऊन आली, तर प्लग न घासताच निळी ठिणगी उडायला लागलेली.

"आपोआप?"

"दमट असेल," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

प्लग बसवला. ताईने बटण धरून ठेवलं, सोडलं, परत धरलं. घुर्रघुर्रीचं रडगाणं झालं, रडगाण्याची नुसती टकटक झाली आणि बॅटरी बसली. दाराबाहेर उन्हं डोंगराच्या कडेला टेकली होती. वर आई गारठत होती आणि ही दोघं एका पत्र्याच्या धुडापुढे हात चोळत उभी होती. ताईला वाटलं, आपणच डोकं आपटून घ्यावं.

धाकट्याने कार्बोरेटर खोलायला स्क्रू-ड्रायव्हर लावला.

"अरे, खोलेपर्यंत अंधार होईल!"

"मग काय करू? टाकीत साखर घातलीस की माती, ते तरी सांग!"

ताई बघतच राहिली. हा आपल्याला इतकं वाईट समजतो? आणि मग तिच्या लक्षात आलं, तीही मघापासून त्याने काय करून ठेवलंय तेच शोधत होती.

"फ्यूज काढला होता," ती म्हणाली. "मघाशी बसवला. तेवढंच केलं रे. आईची..." शपथ तिने अर्धीच सोडली.

धाकट्याने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "तू गाडी नेऊ नयेस म्हणून ठिणगीची वायर मी काढली होती. तू आत गेलीस तेव्हा जोडली."

"आणखी काही?"

"नाही गं ताई. आणखी काही नाही."

"मग बिघाड कुठे राहिलाय?" ती ओरडली. "ठिणगी नसताना आपण चोक ओढून नुसतं पेट्रोल पाजत बसलो हिला!"

प्लग काढला तर पेट्रोलने चिंब. धाकट्याने इंजिन हाताने फिरवायची दोरी ओढओढून आतलं पेट्रोल बाहेर काढलं, ताईने प्लग पदराने पुसून फुंकून वाळवला. चोक बंद केला, अॅक्सिलरेटर पूर्ण पिळला. त्याने दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. तळहाताची साल निघाली. "लाग ना गं बाई!" म्हणत त्याने अंगातलं सगळं बळ लावलं, आणि काळा धूर ओकत गाडी पेटली.

दोघं माथ्यावर पोचली तेव्हा आई पेट्यांच्या आडोशाला मुटकुळं करून पडली होती. ओठ निळे, डोळे मिटलेले. श्वास चालू होता, पण हाकेला ओ नव्हती. गाडीवर जागा दोघांचीच.

"तू ने," धाकटा म्हणाला.

"माझ्यापेक्षा तुझा हात पक्का. तू ने."

जी गाडी त्याने नेऊ नये म्हणून फ्यूज काढला होता, त्याच गाडीवर तिने आईला त्याच्या पाठीशी ब्लँकेटने गुंडाळून दोराने बांधलं. तो निघाला. ती मागून चालत उतरू लागली. अंधार पडला होता. दिसत काहीच नव्हतं, फक्त इंजिनाचा आवाज. कालपर्यंत याच्या हातात गाडी बंद पडावी म्हणून टपलेली ताई आता देवाला विनवत होती, त्याच्या हातात बंद पडू देऊ नकोस.

आवाज थांबला.

घर आलं की गाडी बंद पडली? की आई...? ताई दगडांवरून पळत सुटली, पडली, उठली, पुन्हा पळाली.

"ताई!" खालून धाकट्याची आरोळी आली. "ताई, आई विचारतेय, तू कुठे राहिलीस!"

ताई वाटेतच बसली आणि रडत रडत ओरडली, "आले रे! आले म्हणून सांग!"