मर्नाच्या कागदावरची पितळी पट्टी

मी एक जुनी पितळी पट्टी आहे. मित्रांनो, अशा गोष्टींत आम्ही वस्तू स्वतःची तारीफ करायला टपलेल्याच असतो. माझं तसं नाही. माझी तारीफ झाली की मेल्याहून मेल्यासारखं होतं. का, ते सांगते.

माँटानातल्या आपल्या शेडमध्ये आर्विडनं मला एका मोडक्या पंपाच्या पत्र्यातून कापलं. माझा आकार लांबट शंकरपाळ्यासारखा, दोन्ही टोकं तिरकी. कानस घासून घासून त्यानं माझ्या कडा सरळ केल्या. काम एकच. सुती पातळ कागदावर मला दाबून धरायचं आणि कडेनं सुरी फिरवायची. निघालेला तुकडा ओला करून शिशाच्या गोळीला दोन वेढे द्यायचे, उरलेलं शेपूट बुडाशी पिळायचं आणि गोळी वाळत ठेवायची. वाळताना कागद तिला घट्ट आवळतो. मग काळ्या दारूच्या जुन्या बंदुकीतून ती सुटली, की शिसं नळीला चिकटत नाही. नळीच्या तोंडाशी कागदाच्या चिंध्या उडतात आणि गोळी एकटी पुढं जाते. तुकडा केसभर जरी लांब झाला तरी टोकावर टोक चढतं आणि नेम गेलाच म्हणून समजा. त्यामुळे माझा तोरा काय विचारता! आर्विडचा मित्र क्लीट म्हणायचा, तुझी बंदूक तुला लखलाभ, मेल्यावर ही पट्टी तेवढी माझ्या नावावर कर.

मर्ना ही आर्विडची बायको. नेमबाजीच्या मैदानावर ती दुर्बिणीला डोळा लावून त्याच्या शेजारी बसायची आणि गोळी कुठं पडली ते सांगायची. पुढं तिची नजर मधोमध धुरकट होत गेली आणि दुर्बीण सुटली. पण बाई घरी बसली नाही. गोळीबार थांबल्याची हाक आली की ती बंदुकीपुढच्या गवतात गुडघे टेकायची आणि उडालेल्या चिंध्या वेचायची. चिंधी स्वच्छ कापली गेली असेल तर सगळं ठीक, कड जळकी असेल तर कुठंतरी चुकतंय. बाकीचे लोक हे बघून ठरवायचे, मर्ना नुसती बोटांत चोळून सांगायची आणि तिचं कधी चुकत नसे.

तीच बोटं गोधड्या शिवायची. तिच्या आईची एक नक्षी होती, मधे पिसांचा गोल आणि कडेनं वेल. आईनं काढलेला मूळ कागद पार भुगा व्हायला आलेला. म्हणून नजर पुरती जायच्या आधी मर्नानं ती नक्षी पातळ कागदांवर उतरवली आणि दोरा न ओवता मशीनची सुई प्रत्येक रेघेवरून चालवली. मूळ कागद त्यातच विरला, आता ती नक्षी फक्त भोकांची होती. कागद कापडावर बोटांनी चाचपून लावायचा, वरून निळी पूड चोळायची, की खाली ठिपके उमटतात. तेवढं निळं तिला नजरेच्या कडेनं दिसायचं. नात टेसा हिचं लग्न शरदात होतं आणि तिला आजीच्या हातची, त्याच नक्षीची पांढरी गोधडी हवी होती. ही आपली शेवटची, असं मर्नानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. घरात उंदीर झाले म्हणून कागदांची ती गुंडाळी शेडमधल्या लोखंडी कपाटात ठेवली होती.

त्या वसंतात आर्विडचा कागद बनवणारी गिरणी बंद पडली. त्यानं दुसरे कागद आणले, पण गोळ्या वाटेल तिकडे जायला लागल्या. क्लीटनं तर विचारलंच, नेम धरतोयस की कोंबड्यांना दाणे टाकतोयस? जूनचे मोठे सामने तोंडावर आले होते. आर्विडचं जेवणात लक्ष लागेना.

एका दुपारी त्यानं कपाट उघडलं आणि त्या गुंडाळीतला कागद चिमटीत धरून बघितला. पातळ, सुती, अगदी हवा तसा. मित्रांनो, त्यानं भोकं पाहिली. मलाही ती पोटाखाली लागली. त्यानं कागद उलटा करून अंथरला आणि पुटपुटला, ‘कडेचं कोरं तेवढं घेतो. तिला काय कळतंय.’

गोळ्या सरळ जायला लागल्या. मग कडेचं कोरं संपलं. मग वेलीच्या मधलं गेलं, मग पिसांच्या गोलातलं. तुकड्याचा भोकांचा भाग तो आतल्या वेढ्यात लपवायचा. अशा गुळगुळीत कागदावर पितळ घसरतं, मी घसरले असते तर कुणी दोष दिला नसता. पण मी तसूभर हलले नाही. मला माझ्या सरळ कडेची पडली होती, दुसरं काही नाही. लाज वाटते सांगायला.

सामन्यांच्या दिवशी दूरच्या टेकाडावर निशाण म्हणून उभा केलेला लोखंडी गवा आर्विडनं पुन्हा पुन्हा वाजवला. क्लीटनं त्याची पाठ थोपटली. थांबल्याची हाक आली, मर्ना सवयीनं गवतात गेली आणि चिंध्या चोळायला लागली. एक चिंधी तिनं चोळली, पुन्हा चोळली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

‘‘आर्विड, हा कागद कुठला?’’

‘‘नेहमीचाच.’’

‘‘ह्याला माझ्या सुईची भोकं आहेत.’’

क्लीटनं आपली पेटी उचलली आणि लांब जाऊन उभा राहिला.

‘‘वेलीतलं आहे की गोलातलं?’’ तिनं विचारलं.

‘‘वेलीतलं.’’

‘‘मग गोल शाबूत आहे.’’

आर्विड बंदुकीची नळी पुसायला लागला.

‘‘गोल आहे ना रे?’’

‘‘नाही,’’ तो म्हणाला.

मर्नानं हाताला लागल्या तेवढ्या चिंध्या कोटाच्या खिशात भरल्या आणि गाडीत जाऊन बसली. पहिलं बक्षीस आर्विडलाच मिळालं. नाव पुकारलं तेव्हा त्याला जावंच लागलं.

घरी आदळआपट झाली नाही. झाली असती तर बरं झालं असतं. आर्विड म्हणाला, मी कुणाकडून तरी नक्षी पुन्हा काढून आणतो. मर्नानं विचारलं, आणि माझ्या आईचा हात कुठून आणशील? पुढं किती तरी दिवस त्या घरात फक्त ‘मीठ दे’ आणि ‘दार लाव’ एवढंच बोलणं होतं.

मग एकदा ती चाचपडत शेडमध्ये आली आणि तिनं मला उचललं. माझ्या कडांवरून बोट फिरवलं, तिरकी टोकं पुन्हा पुन्हा तपासली. म्हणाली, ‘‘हा आकार मला न बघता कळतो. कापड काप.’’ उन्हाळाभर आर्विडनं मला कापडावर धरून तुकडे कापले आणि तिनं ते बोटांच्या अंदाजानं जोडले. तुकड्याला तुकडा लागत गेला आणि गोधडी झाली.

लग्नाच्या दिवशी चर्चच्या तळघरात कॉफी आणि केक चालू असताना गोधडी उलगडली. बायका गोळा झाल्या. असा जोड कधी पाहिला नाही, म्हणाल्या. टेसानं विचारलं, ‘‘आजी, ही नक्षी कुणाची गं?’’

‘‘तुझ्या आजोबांची,’’ मर्ना म्हणाली.

टाळ्या पडल्या. टेसा आजोबांच्या गळ्यातच पडली. क्लीट आपल्या कपात बघत बसला. आर्विडनं केकची बशी खाली ठेवली. ‘‘टेसा, खरं म्हणजे मी...’’ असं तो म्हणतोय तोच मर्नानं त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाली, कॉफी निवतेय. तिनं त्याला सांगूच दिलं नाही.

आता मी मर्नाच्या शिवणाच्या खणात असते. आर्विड मला परत मागत नाही. आमच्यासारख्या वस्तू शेवटी हात जोडतात, आम्हाला पुसा, गंजू देऊ नका, म्हणतात. माझी निगा नाही राखलीत तरी चालेल. मित्रांनो, घरातलं दुसऱ्याचं काही उचलायच्या आधी त्या माणसाला एक हाक मारा, एवढंच मागणं आहे. मर्ना त्या दुपारी स्वयंपाकघरातच होती. आणि परवा तिला दोरा काढून द्यायला आर्विडनं हा खण उघडला, तेव्हा माझ्याखाली काय आहे ते त्यानं पाहिलं. तोच पातळ सुती कागद. नक्षी उतरवून उरलेला, चांगला जाडजूड गठ्ठा, कोराच्या कोरा. विचारलं असतं तर तिनं सगळा दिला असता. आर्विडनं दोरा घेतला आणि खण हळूच लावून टाकला.