काडेपेटीतला चांगला बल्ब

एका ओळीत जोडलेल्या दिव्यांपैकी एक गेला की सगळे जातात, हे मास्तरांनी तेहतीस वर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. त्यामुळे खिडकीवरची चाळीस दिव्यांची माळ ऐन सुट्टीच्या पहिल्या दिवशी बंद पडली, तेव्हा त्यांना राग आला नाही. उलट जरा बरंच वाटलं. विषय आपलाच होता.

"नवी आणा," बायको म्हणाली. "कोपऱ्यावरच्या दुकानात ढीग लागलाय."

"अगं, गेलाय एक दिवा. त्याच्यासाठी चाळीस फेकायचे?"

"इस्त्रीसुद्धा तुम्ही एकाच तारेसाठी उघडली होती. वर्ष झालं, अजून उघडीच आहे."

मास्तरांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. हट्ट तर होताच, पण ही माळ मुळात ताईची होती. त्यांची मोठी बहीण बावीस वर्षं बल्बच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलाशी बसायची. मास्तरांना नोकरी लागली त्या वर्षी तिने ही माळ आणून दिली होती, बोराएवढ्या रंगीत बल्बांची. तेव्हापासून दर वर्षी सुट्टीच्या पहिल्या संध्याकाळी ती यायची, फाटकाशी थांबून माळ डोळे भरून बघायची आणि मगच आत यायची. आता तिचे डोळे जात चालले होते. गेल्या महिन्यात फोनवर म्हणाली, "माणसं ओळखू येत नाहीत रे. पण उजेड कळतो अजून. तुझी माळ दिसली की माझा यंदाचा सण झाला."

आणि आज ती सहाला येणार होती.

मास्तर दुपारी दोनला स्टुलावर चढले. पद्धत ठरलेली होती. खणात एक काडेपेटी होती, तिच्यावर त्यांच्याच वळणदार अक्षरात 'चांगला' असं लिहिलेलं आणि आत एक जादा बल्ब. प्लग काढायचा, माळेतला एक बल्ब काढून तिथे हा चांगला बसवायचा, प्लग लावून बघायचं. नाही लागली माळ, तर जुना बल्ब परत जागेवर आणि पुढच्याची पाळी. शास्त्रात घाई चालत नाही, असं ते वर्गात सांगत असत आणि मुलं जांभया देत असत.

दहाव्या बल्बापर्यंत ते शीळ घालत होते. विसाव्याला शीळ बंद झाली. तिसाव्याला त्यांनी स्टुलाला शिव्या घातल्या, त्या बिचाऱ्याचा काही संबंध नसताना. चाळिसावा झाला तरी माळ ढिम्मच. मग त्यांनी उलट्या बाजूने पुन्हा सुरुवात केली. बाजू बदलल्याने विजेला काहीएक फरक पडत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण पडलो तरी नाक वर.

"साडेपाच झाले. दुकान बंद होईल," बायको म्हणाली.

"दोष सापडत आलाय."

"साडेतीन तासांत तो गाव सोडून गेला असेल."

पावणेसहाला दुकान बंद झालं. आपण शिकवलेली मुलं आज कुठे कुठे वायरी जोडत असतील, या विचाराने मास्तरांनी प्लग पुन्हा एकदा तपासला.

सहाला बाहेर टॅक्सी थांबली. ताई काठी टेकत फाटकाशी उभी राहिली. मास्तर अजून स्टुलावरच, मुठीत बल्ब. काय सबब सांगावी म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात ताईने खिडकीकडे मान वर केली.

"वा! काय झगमगाट केलायस रे यंदा!"

खिडकी काळीकुट्ट होती. मास्तरांनी बायकोकडे बघितलं, बायकोने त्यांच्याकडे. त्यांना भडभडून आलं. उजेडही गेला होता तर, आणि ही आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलत होती.

"हो ना," ते कसेबसे म्हणाले. "छान लागलीय."

ताई आत आली, चाचपत खिडकीपाशी गेली आणि एका बल्बाभोवती तळवा धरून उभी राहिली.

"हा तर गार आहे."

मास्तर स्टुलावरून खाली उतरले.

"ताई, माळ दुपारपासून बंद आहे."

"आणि मला थाप मारतोस?"

"आधी तूच म्हणालीस, झगमगाट!"

ताई हसली, मग खुर्चीत बसली. "पंधरा दिवस झाले, उजेडही कळत नाही. तुला सांगितलं असतं, तर तू माळ लावलीच नसतीस."

मास्तर माळेविषयी बोलायला लागले. ओळीतली जोडणी, खंडित प्रवाह, आपली पद्धत.

"व्याख्यान पुरे. तो चांगला बल्ब दे इकडे," ताई म्हणाली. तिने तो कानाशी धरून हलवला. "हा चांगला आहे, असं कोण म्हणतं?"

"काडेपेटीवर लिहिलंय."

"कुणी लिहिलंय?"

बायको हसू ऐकू जाऊ नये म्हणून स्वयंपाकघरात पळाली. ते ऐकू आलंच.

"मेलाय रे हा. आतली तार तुटून वाजतेय. रोज दोन हजार बल्ब असे कानाशी धरलेत मी. मला विचारायचंस तरी!"

मास्तरांनी बल्ब कानाशी नेला. किणकिण आवाज आला. मेलेला बल्ब हातात धरून त्यांनी दुपारभर जिवंतांची परीक्षा घेतली होती. इतकी वर्षं मुलांचे पेपर आपण कसे तपासले असतील, अशी एक शंका त्यांच्या मनाला चाटून गेली.

ते एकेक बल्ब काढून ताईच्या हातात देत गेले. सतराव्याला ती थांबली. "हाच तो."

बदली बल्ब तर नव्हताच. मास्तरांनी तेवढा होल्डर कापून काढला, तारा जोडल्या, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि प्लग लावला. एकोणचाळीस दिवे लागले.

"लागली?"

"लागली."

"खरं?"

मास्तरांनी तिचा हात धरून एका बल्बापाशी नेला. ती वाट बघत राहिली.

"हं. ऊब आली," ती म्हणाली. "हा कुठला रे?"

"लाल."

"आणि हा?"

"हिरवा. त्याच्यावर रंगाचा टवका उडालाय, म्हणून एका बाजूने पांढरा दिसतो."

"पुढचा सांग."

मास्तर स्टूल ओढून तिच्याशेजारी बसले आणि सांगत गेले. एकोणचाळिसाव्यापर्यंत तिने एकदाही जांभई दिली नाही.